वरळीच्या रिकाम्या खोल्या

वरळीच्या बीडीडी चाळींविषयी एक आख्यायिका मुंबईत हमखास ऐकू येते. या चाळी म्हणे इंग्रजांनी मुळात तुरुंग म्हणून बांधल्या. मधून जाणारा अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना एकाच मापाच्या खोल्या, काँक्रीटच्या करड्या भिंती. पाहणाऱ्याला ते पटतेही. पण क्रम उलटा आहे. या इमारती घरे म्हणूनच उभ्या राहिल्या. त्यांतल्या काहींचा तुरुंग नंतर झाला, आणि तो होऊ शकला, कारण राहायला पुरेशी माणसे आलीच नाहीत.

एकेका खोलीत सहा-सहा, नऊ-नऊ माणसे राहत होती अशा शहरात कामगारांसाठी बांधलेल्या हजारो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. का? याचे उत्तर शोधायचे तर पोटासाठी मुंबईत उतरलेला माणूस राहण्याची जागा कशी ठरवत होता, हे पाहावे लागते.

आधी सरकारची बाजू. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत भाडी आणि महागाई दोन्ही भडकली. १९१८ मध्ये भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा करावा लागला. १९१९ च्या आरंभी गिरण्यांत मोठा संप झाला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते स्थापन केले. बीडीडी हे नाव त्याचेच. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. पैसा उभा करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. अखेर चाळी झाल्या २०७ : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. संकल्पाचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि तोही भरेना.

आता दुसरी बाजू. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागले. पुढच्या अर्धशतकात भायखळ्यापासून परळपर्यंत गिरण्यांच्या चिमण्यांचे रान उभे राहिले. त्यांना माणसे लागत होती आणि कोकण, घाटावरचा सातारा, पुणे, अहमदनगर हा मुलूख ती पुरवत होता. १९११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या पुढे होती. तिच्यातले सुमारे ८० टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक. आणखी एक आकडा घरांच्या प्रश्नावर अधिक प्रकाश टाकतो : १९२१ मध्ये शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. येणारा बहुधा एकटा येई. बायको-मुले, म्हातारे आईबाप आणि जमिनीचा तुकडा गावीच राही.

असा चाकरमानी बोटीतून किंवा आगगाडीतून वळकटी घेऊन उतरला, की त्याच्याजवळ बहुतेक वेळा एकच पत्ता असे, तो म्हणजे गावच्या कुणाचा तरी. आधी आलेला चुलता, मेहुणा, नाही तर नुसताच वाडीतला शेजारी. खोली कशी आहे, उजेड येतो का, नळ किती दूर आहे, या गोष्टी त्याने विचारायच्या नसत. त्या विचारण्याची ऐपत नव्हती, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला खोलीपेक्षा खोलीतली माणसे हवी होती.

गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एका गावाच्या किंवा वाडीच्या माणसांनी मिळून एखादी खोली भाड्याने धरायची आणि भाडे वाटून घ्यायचे. भिंतीलगत ट्रंकांची रांग, दोरीवर कपडे, कोपऱ्यात नहाणी. नवा आला की ट्रंकेपुरती जागा काढली जाई. रात्री खोलीत मावणार नाहीत ते सज्जावर, जिन्याखाली, पावसाळा नसेल तर रस्त्याच्या कडेला झोपत. जेवण खानावळीत. या खानावळी बहुधा गिरणगावातल्या बायाच चालवत, आपल्याच खोलीतल्या चुलीवर. पुष्कळदा नवऱ्याची नोकरी गेलेली किंवा तो वारलेला असे. महिनाभर जेवू घालायचे आणि पगाराला पैसे घ्यायचे, असा व्यवहार. म्हणजे हजारो पुरुषांचा महिना या बायकांच्या उधारीवर निघत होता. त्यांच्या कष्टांची संघटित दखल घ्यायला मात्र १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले.

हीच रीत थोड्या निराळ्या वेषात धोबीतलाव आणि माझगाव भागात दिसे. गोव्याहून येणारे खलाशी, आचारी, वाजंत्री गावागावांच्या ‘कुडां’त उतरत. कूड म्हणजे कोंकणीत खोली. दरमहा किरकोळ वर्गणी, एक ट्रंक, एक चटई, भिंतीशी वेदी आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. एका जहाजावरून उतरलेला खलाशी दुसरे जहाज मिळेपर्यंत तिथे राही. सभासदत्व गावाचे असल्याने ते भाड्याच्या पावतीहून पक्के होते.

आता गिरणीच्या फाटकाकडे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने पुरुषांसाठी कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ च्या कायद्याने अकरा तासांची. बारा तास साच्यापुढे उभा राहणारा माणूस येण्याजाण्यात आणखी दोन तास घालवू शकत नाही. विजेची ट्राम १९०७ पासून होती, पण रोजचे ट्रामभाडे कामगाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. पहिली बस धावली ती १९२६ मध्ये. गिरणगावाचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी नोंदवले आहे, की दहातले नऊ गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या चालीत राहत होते.

जवळ राहण्याचे कारण केवळ थकवा हे नव्हते. गिरणीत भरती करी तो जॉबर, म्हणजे मुकादम. कायम कामगारांखेरीज ‘बदली’ कामगारांची मोठी फौज असे. त्यांनी रोज पहाटे फाटकाशी उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर जॉबर बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम. भोंगा वाजण्याआधी तिथे नसलेल्याचा दिवस बुडाला. शिवाय जॉबर स्वतः त्याच गल्लीत राहणारा, त्याच आखाड्यात किंवा उत्सवात दिसणारा माणूस होता. त्याच्या नजरेसमोर असणे हीच नोकरीची अर्जी. कोणत्या खात्यात जागा होणार, कुठे माणसे काढणार, ही बातमी आधी चाळीच्या जिन्यावर येई, मग गिरणीच्या फलकावर.

तिसरी गोष्ट उधारीची, आणि बहुधा निर्णायक. गिरण्यांचा पगार महिन्याने होई, तोही पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडायला दीड महिना जाई. तोवर खायचे काय? गल्लीतला वाणी वही काढी. पण वाणी उधार देई तो ओळखीवर, जुना गाववाला जामीन राहिला म्हणून. वाण्याच्या वहीतले ते पान हीच कामगाराची पत होती, आणि ती त्या गल्लीबाहेर शून्य. संप झाला की या पानाचे मोल आणखी वाढे. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. इतके दिवस पगाराविना काढणे काहींना जमले ते गावी परतून शेतावर राहिल्यामुळे, आणि काहींना वाण्याने, खानावळवालीने, घरमालकाने थांबायची तयारी दाखवल्यामुळे. गावकीची खोली सोडायची तर हा सगळा विमा सोडायचा.

हे सारे आपुलकीचे चित्र म्हणून वाचले, तर अर्धेच खरे ठरेल. ज्या जाळ्यात माणसे सांभाळली जात, त्याच जाळ्याने कुणाला आत घ्यायचे नाही हेही ठरत होते. गिरणीत दलित कामगार प्रामुख्याने त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत असत. अधिक पगाराच्या विणकामाचे दार त्यांना बंद होते; धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळतो, असे कारण सवर्ण कामगार देत. चाळींतही तेच. त्यांच्यासाठी वेगळ्या चाळी, नाही तर शहराच्या कडेला झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी आंबेडकर १९०४ च्या सुमारास साताऱ्याहून मुंबईत आले ते लोअर परळच्या डबक चाळीत. पुढे हे कुटुंब परळच्या पोयबावडीतल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. ही ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक संस्था होती. सरकारी खोलीचे भाडे भरायला खासगी घरमालकाची मर्जी लागत नसे, हा या चाळींचा एक गुण त्या काळच्या अहवालांत क्वचितच नोंदला गेला.

गावची खोली नसलेल्या माणसाचे काय होई, हे भीमराव आंबेडकरांनीच लिहून ठेवले आहे. १९१७ मध्ये परदेशातले शिक्षण घेऊन ते बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. पदवी होती, हुद्दा होता. राहायला जागा नव्हती. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव धारण करून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी विचारणा केली. दोघांनीही सभ्य शब्दांत नकार दिला. काही तास सार्वजनिक बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. नोकरीच्या गावात घर शोधण्याविषयी भारतात जे काही लिहिले गेले, त्यात याहून जळजळीत पाने शोधावी लागतील.

एवढे पाहिल्यावर वरळीच्या चाळींकडे परत गेले, की कोडे फारसे उरत नाही. १९२० च्या दशकातली वरळी शहराच्या कडेला होती. लालबाग-परळच्या कामगाराला तिथून पहाटे फाटक गाठणे लांब पडे. तिथे बाजार नव्हता, ओळखीचा वाणी नव्हता, खानावळी नव्हत्या. भाडे सरकारी, म्हणजे ठरल्या तारखेला रोख. संपात थांबणारा घरमालक तिथे नव्हता. खोल्या कुटुंबासाठी आखलेल्या, आणि येणारा गडी एकटा. सरकारने भाडी उतरवली, तरी खोल्या भरल्या नाहीत. १६० चौरस फुटांचे क्षेत्र, अग्नीला न जुमानणारे काँक्रीट, प्रत्येक मजल्यावर नळ आणि संडास. खात्याच्या अभियंत्यांनी मोजता येण्यासारखे सारे मोजले होते. कामगारांना घर हवे होते यात शंका नाही. पण हे घर घेतले तर जे गमवावे लागणार होते, त्याची रक्कम कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेली नव्हती. ‘कामगारांना घाणीतच राहायची सवय आहे’ अशा छापाचे स्पष्टीकरण मग सोयीचे ठरे.

१९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला. मिठाच्या सत्याग्रहींनी मुंबई इलाख्यातले तुरुंग भरून गेले, तेव्हा सरकारला आपल्या रिकाम्या इमारती आठवल्या. वरळीच्या काही चाळींना कुंपण घालून त्यांचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. आख्यायिकेतला खरा अंश एवढाच.

नंतरच्या काळात शहरच वरळीच्या पुढे सरकले. बसमार्ग आले, बाजार आला, १९४० च्या दशकात तर मुंबईत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ज्या खोल्या कुणी घेत नव्हते त्यांच्यासाठी वशिले लागू लागले. कोकणातली कुटुंबे आली, दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आली, पोलीस आणि सरकारी नोकर आले. त्यांनी आपापली मंडळे, गणपती, आंबेडकर जयंत्या उभ्या केल्या. याच आवारात जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, तीही बरेच दिवस धुमसली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्या फाटकांपाशी पंधरा मिनिटांत पोहोचायचे होते, ती फाटकेच एकेक करून बंद झाली. अनेक कामगार कोकणात आणि साताऱ्याकडे परतले, आणि गावकीच्या कित्येक खोल्यांत ट्रंका तेवढ्या उरल्या.

बीडीडी चाळी आता पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी त्याच परिसरातल्या मनोऱ्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या काही शे कुटुंबांना त्याच्या किल्ल्या मिळाल्या. पुनर्विकासाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या. त्यांत रहिवाशांचा एक आग्रह सतत राहिला : घर इथेच हवे.