श्रोत्यांचा कौल आणि समीक्षकांचा कौल

एखादी गीतमाला थोर आहे, हे ठरवावयाचे कोणी? समीक्षकाने की श्रोत्याने? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही. वाङ्मयाच्या इतिहासात कोणाला स्थान मिळावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रथम एक परदेशी उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील बीटल्स या रॉक गायकवृंदाची ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी १९६७ साली निघाली. सुटी गाणी न देता सबंध तबकडी एकच कलाकृती म्हणून मांडण्याचा तो प्रयत्न होता. गाण्यांचे शब्दही वेष्टनावर छापले होते. श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. परंतु ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने प्रतिकूल मत दिले. ध्वनिमुद्रणाच्या करामतींखाली मूळ गाणे हरवले, असा त्याचा आक्षेप होता. वाचकांनी त्याच्यावर पत्रांचा भडिमार केला.

आपल्याकडे याच्या बारा वर्षे आधी ‘गीतरामायण’ झाले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्यास एक याप्रमाणे बावन्न गीते व्हावयाची होती. त्या वर्षी अधिक मास आला आणि संख्या छप्पन्न झाली. पुण्याची वृत्तपत्रे दर आठवड्याचे गीत छापू लागली. लोकांचा कौल तेथेच लागला.

समीक्षेचे लक्ष मात्र त्या काळी दुसरीकडे होते. बा. सी. मर्ढेकरांच्या नवकाव्याने काव्यविचार ढवळून निघाला होता. नवेपणा आणि अनुभवाची गुंतागुंत या कसोट्यांवर प्रासादिक गीत सहजच दुय्यम ठरे. ‘गीतकार’ हा शब्द ‘कवी’च्या खालच्या पायरीवर बसविला गेला. योगायोग असा की, मर्ढेकर स्वतः आकाशवाणीतील अधिकारी होते आणि गीतरामायण संपण्याच्या महिनाभर आधी, २० मार्च १९५६ रोजी ते निवर्तले. माडगूळकरांना साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले ते १९७३ साली, यवतमाळ येथे.

गीतरामायण चालू असता आपली उमरी हैदराबाद राज्यात होती. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. निजामी अमलात दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या काळी येथील मराठी टिकली ती बव्हंशी कानांनी: कीर्तनात, भजनात, जात्यावरच्या ओवीत. ज्या प्रदेशाने भाषा अशी ऐकून राखली, त्याने ऐकण्याला वाचनाहून हलके का मानावे?

याचा अर्थ समीक्षक नको असा नव्हे. गाणे का आवडते, कोठे उणे पडते, हे त्याने सांगावे; गोल्डस्टीनचा आक्षेपही विचार करण्याजोगाच होता. मात्र छापील पानाची मोजपट्टी गायच्या शब्दाला लावून त्याने निकाल देऊ नये. मराठी कवितेचा इतिहास शिकविताना गेय कवितेला तिच्या हक्काचे पान मिळावे, एवढी मागणी आपण श्रोत्यांनी अवश्य करावी.