कळ सोसणे, कळ दाबणे : कुलाब्याच्या किनाऱ्यावरून प्रसूतिवेदनेचा इतिहास

मराठीत 'कळ' या शब्दाचे दोन अर्थ रोजच्या वापरात आहेत. पोटातून किंवा कमरेतून उठणारी वेदनेची सणक ही एक कळ, आणि जी दाबली असता यंत्र चालू होते ती दुसरी. पहिली सोसायची असते, दुसरी दाबायची. बाळंतपणाच्या संदर्भात आपल्या भाषेने आणि समाजाने स्त्रीच्या वाट्याला शतकानुशतके पहिलीच कळ दिली. दुसरी कळ तिच्या हाती केव्हा आली आणि ती आल्याने नेमके काय बदलले, याचा शोध आम्ही येथे घेऊ इच्छितो. त्यासाठी निवडलेली भूमी आहे रायगडचा, म्हणजे १९८१पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्याचा, किनारा. या इतिहासाचे काही महत्त्वाचे धागे अलिबागेच्या परिसरातून जातात, एवढेच त्या निवडीचे कारण.

ज्या यंत्राच्या निमित्ताने हा प्रश्न आम्हांला पडला त्याचे नाव 'टेन्स'. त्वचेवरून मज्जातंतूंना सौम्य विद्युत्प्रवाह देणारी, तळहातावर मावेल एवढी, बॅटरीवर चालणारी ही डबी. आपल्याकडे ती गुडघेदुखी आणि कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाहायला मिळते. प्रसूतीत तिच्या चिकटपट्ट्यांच्या दोन जोड्या पाठीवर लावतात : एक जोडी बरगड्या संपतात त्या उंचीवर, दुसरी माकडहाडाच्या वर. या दोन ठिकाणी पाठीच्या कण्यात शिरणारे मज्जातंतू गर्भाशयाच्या आणि योनिमार्गाच्या वेदना वाहून नेतात. वेण आली की स्त्री बटण दाबते, प्रवाह वाढतो. वेण ओसरली की कमी करते. हे बटण डॉक्टरच्या किंवा नर्सच्या हाती नसून तिच्या हाती असते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

प्रसूतिवेदनेविषयी आपली परंपरा मुकी होती असे म्हणता येणार नाही. संस्कृत वैद्यकात या वेदनेसाठी 'आवी' असा स्वतंत्र शब्द आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे तपशीलवार वर्णन येते. अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, क्लेश सहन करू शकणाऱ्या स्त्रिया भोवती असाव्यात, त्यांनी तिला धीर द्यावा, आणि आवी आलेली नसताना तिला जोर करू देऊ नये, असे तेथे सांगितले आहे. वेदनेची लय ओळखून तिच्यासोबत चालावे, हा त्या सूचनांचा गाभा. प्रत्यक्ष गावगाड्यात ही जाणीव ग्रंथांतून नव्हे, सुईणीच्या हातांतून चालत आली. तेल लावून कंबर चोळणे, ऊन पाण्याचा शेक, उठवून चालवणे हे तिचे उपाय. 'वांझेला काय ठाऊक बाळंतपणाच्या वेणा' ही म्हण आज कानाला क्रूर वाटते. पण ही वेदना अनुभवाखेरीज कळत नाही, असा तिच्यातला दावा ज्ञानमीमांसेचाच म्हणायला हवा.

या परंपरेचे गोडवे गाताना मात्र जपून राहावे लागते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात महारवाड्यातील बाळंतपणांची जी चित्रे आहेत, त्यांत अडलेल्या कोवळ्या मुली आहेत, अजाण हातांनी केलेले घातक उपाय आहेत आणि बाळंतिणीची उपासमार आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी हे ज्या घरांत होते त्या घरांचे बाळंतपण आणि हे बाळंतपण एकाच नावाने ओळखले जाते, एवढेच त्यांचे साम्य. वेदना निसर्गाने दिली असेल, पण तिच्यावरचा उतारा जातीने आणि ऐपतीने वाटला.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न युरोपात निराळ्या रूपाने उभा राहिला. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ साली प्रसूतीत आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले. स्त्रीने वेदनेतच प्रसवावे असा बायबलातील शाप असताना माणसाने तो पुसावा काय, असा आक्षेप निघाला, आणि सिम्प्सन यांनी बायबलाच्याच आधारे त्याला उत्तर दिले. १८५३ साली जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिले, तेव्हा तो वाद बराचसा निवला. पाचच वर्षांनी हीच राणी हिंदुस्थानची अधिपती झाली. तिला मिळालेला उतारा तिच्या येथील प्रजेतील स्त्रियांना मिळण्याची वाट मात्र लांब होती. कारण येथे औषधाच्या आधी डॉक्टरचाच प्रश्न होता.

तो प्रश्न स्वतःच्या देहावर भोगलेली मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७). गोपाळराव पोस्टात नोकरीला; कल्याणहून बदल्या होत गेल्या आणि त्या फेऱ्यात या दांपत्याचा एक मुक्काम अलिबागेस पडला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाई बाळंत झाल्या. मूल दहा दिवसांचे होऊन गेले. पुढे अमेरिकेत प्रवेश मागताना त्यांनी जे कारण दिले त्याचा आशय असा, की येथील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी मदत मिळायला हवी. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

आनंदीबाईंची कहाणी आपण श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीमुळे मुख्यतः विचित्र दांपत्याची कहाणी म्हणून वाचतो. आम्हांला वाटते की ती एका बाळंतपणाच्या परिणामाची कहाणी म्हणूनही वाचावी. जिची स्वतःची प्रसूती बालवयात झाली, ती सात वर्षांनी परदेशी भाषेत प्रसूतीचे शास्त्र मांडते, आणि त्यासाठी आपल्या प्राचीन ग्रंथांकडे वळते. या वळण्यात त्या काळचा परंपराभिमान आहेच; पण आपल्या लोकांनी या वेदनेचा कधी विचार केला होता काय, असा प्रश्नही त्यात दडलेला असावा, असे आम्ही समजतो. फेब्रुवारी १८८७मध्ये क्षयाने त्यांचा पुण्यात मृत्यू झाला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक कागदावरच राहिली.

दुसरा धागा अलिबाग तालुक्यातील झिराड या गावाचा. बेने इस्रायल समाजाची श्रद्धा अशी की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले. हा समाज मराठी बोलणारा; त्यांची आडनावे याच परिसरातील गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर आणि झिराड. डॉ. जेरुशा झिराड या समाजातल्या. १९१९ साली लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम.डी. त्यांनी मिळवली आणि १९२८ ते १९४७ या काळात त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. त्या पदावर आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री. १८८६ साली खास स्त्रियांसाठी उघडलेले हे रुग्णालय. मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांचा अभ्यास हे झिराड यांचे महत्त्वाचे काम. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पिढीपुढचा पहिला प्रश्न वेदनेचा नव्हता, जिवाचा होता. बाई जगली पाहिजे. दुखणे मग पाहू. हा क्रम त्या काळी योग्यच होता. खेद याचा की तो क्रम पुढे सवय झाला, आणि बाई जगू लागल्यानंतरही 'दुखणे मग पाहू' हे वाक्य तसेच राहिले.

तिसरा धागा विजेचा. अलिबागच्या समुद्रकाठी चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील, हे नानाभाई मूस यांनी ओळखले आणि १९०४ साली अलिबागेत लोखंड टाळून नवी वास्तू उभी राहिली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन १९०६ साली कुलाब्याचे काम थांबवले. ट्राम १९०७ साली धावली. अलिबागेत विसाव्या शतकाने पहिले पाऊल टाकले ते विजेपासून दूर राहण्यासाठी, असे गमतीने म्हणता येईल. त्या वेधशाळेतील सुई पृथ्वीच्या पोटातील आणि आकाशातील सूक्ष्म हालचाल टिपत होती. मानवी देहातील वेदनेची नोंद घेणारी सुई मात्र कोणाजवळच नव्हती.

वीज आणि वेदना यांची सांगड जुनीच आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने संधिवाताच्या रुग्णाला ओल्या किनाऱ्यावर उभे करून पायाखाली जिवंत वीजपाकट ठेवण्याचा उपाय सांगितला आहे. पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो उभे राहायचे. झटका देणाऱ्या पाकटांच्या जाती आपल्या अरबी समुद्रातही आहेत. परंतु या उपायाला सिद्धान्त मिळाला तो १९६५ साली, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांच्या 'दारा'च्या कल्पनेने. पाठीच्या कण्यात जणू एक दार असते. स्पर्शाचे, चोळण्याचे संदेश जाड तंतूंतून लवकर पोहोचतात आणि बारीक तंतूंतून येणाऱ्या वेदनेला ते दार काहीसे लोटून घेतात. 'टेन्स' यातून निघाले. १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये ते प्रसूतीत वापरून पाहिले गेले. सुईण कंबर का चोळत होती याचेही उत्तर त्याच सिद्धान्तात आहे.

मेल्झॅक यांचे दुसरे काम साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटावे. १९७५ साली त्यांनी वेदना मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती शब्दांची होती. वेदनेची विशेषणे गटागटाने मांडायची, रुग्णाने आपले शब्द निवडायचे आणि त्यांवरून मोजमाप करायचे. पहिलटकरणींच्या वेदनेचा सरासरी अंक या मोजणीत कंबरदुखी आणि कर्करोगाच्या वेदनेपेक्षाही वर निघाला. यंत्राला जे जमले नाही ते विशेषणांनी केले. मराठीत ठणका, चमक, उसण, मुरडा, सणक, आग, ठुसठुस, शिणक अशी केवढी श्रीमंती आहे! तरीही प्रसूतिगृहात आपल्या स्त्रीला ऐकावे लागणारे वाक्य बहुधा एकच : 'थोडी कळ काढ.'

आता 'टेन्स'चा उपयोग किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २००९ सालच्या कोक्रेन आढाव्यात १९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. वेदना निश्चितपणे कमी होते असा भक्कम पुरावा मिळाला नाही. ब्रिटनच्या २००७ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी तर प्रसूती पूर्णपणे सुरू झाल्यावर ते देऊ नये असेच म्हटले. मात्र त्याच आढाव्यात असेही आढळले, की ते वापरलेल्या बहुतेक स्त्रिया पुढच्या वेळी पुन्हा वापरायला तयार होत्या. वेदनेचा अंक फारसा उतरत नाही, तरी बाई यंत्राला नावे ठेवत नाही. याचा अर्थ आम्ही असा लावतो, की तिला वेदनामुक्तीइतकीच, कदाचित अधिक, गरज आपल्या वेदनेच्या बाबतीत काहीतरी आपल्या हाती असण्याची होती.

या अर्थातही एक धोका आहे. एपिड्युरल देण्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो, अखंड देखरेख लागते. खाड्यांनी तुटलेल्या आणि पावसाळ्यात गेटवे–मांडवा बोटी बंद होणाऱ्या या किनाऱ्यावर ती सोय मुंबईइतकी सहज नाही. तेव्हा शहरातल्या बाईला एपिड्युरल आणि मुरूड-श्रीवर्धनच्या बाईला डबी, अशी वाटणी कोणी सोयीस्करपणे केली, तर ती जुन्याच वाटणीची नवी आवृत्ती ठरेल. हाती कळ देणे म्हणजे जबाबदारीतून हात झटकणे नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१मध्ये महाराष्ट्रातील जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली. झिराड यांच्या पिढीचे स्वप्न बऱ्याच अंशी उतरले. २०१७ सालच्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने सरकारी प्रसूतिगृहांत सन्मानाने वागवण्याची भाषा आणली. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी हेही धोरणात आले. चरकाने सांगितलेल्या त्या प्रेमळ स्त्रिया सरकारी परिपत्रकातून परत आल्या, असे म्हणायचे.

मराठी साहित्यात मातृत्वाचे स्तवन उदंड आहे. प्रसूतीच्या प्रत्यक्ष घटकांचे, त्या बारा-चौदा तासांचे लेखन त्या मानाने फार थोडे. जे आहे ते बहुतांशी स्त्रियांच्या आत्मकथनांत, चार-दोन ओळींत, ओझरते आहे. आम्हांला वाटते की त्या ओळी एकत्र करून वाचण्याचे काम आता व्हावे. वेदनेवरचे औषध साहित्याचे अभ्यासक देऊ शकत नाहीत. परंतु 'कळ काढ' असे सांगणाऱ्याला आधी 'कशी कळ?' असे विचारायला शिकवणे, हे काम शब्दांचे आहे, आणि म्हणून काही अंशी आपलेही आहे.