तणनाशकांची पीकविषारिता

तण मारण्यासाठी वापरलेल्या रसायनाची पिकाच्या बियाण्याला, रोपाला किंवा पुढील हंगामातील पिकाला होणारी बाधा. ती थेट फवारणीतून, शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेल्या तुषारांतून किंवा जमिनीत उरलेल्या अवशेषांतून पोचते.

उगवण : ‘औषधाने बी मेले’ हे निदान बहुधा अपुरे असते. पुष्कळ तणनाशके बीला मोड येऊ देतात व पुढची वाढ रोखतात. पेंडीमेथालीनमुळे पेशीविभाजनात लागणाऱ्या सूक्ष्मनलिका जुळत नाहीत. मुळाचे टोक सुजून गदेसारखे होते, उपमुळे फुटत नाहीत. अलाक्लोर व मेटोलाक्लोरमुळे लांब साखळीची मेदाम्ले बनत नाहीत. गवतवर्गीय रोपाचे पान गुंडाळीतून सुटतच नाही. म्हणून उगवणीची नुसती टक्केवारी फसवी ठरते, मुळाची व कोंबाची लांबी मोजलीच पाहिजे.

अवशेष व बेवड : ॲट्राझीन प्रकाशसंश्लेषण थांबवते. बी व्यवस्थित उगवते, रोप बियांतील साठ्यावर काही दिवस हिरवेगार राहते. साठा सरला की जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. तोवर दोष बियाण्याला किंवा मर रोगाला दिला गेलेला असतो. मक्याचे रोप हे रसायन ग्लुटाथायोनशी जोडून निष्प्रभ करते; काकडी, ओट, सोयाबीन यांना ते पुरेसे साधत नाही. अल्कधर्मी व कोरड्या जमिनीत ॲट्राझीनचे विघटन मंदावते. महाराष्ट्रातील काळ्या जमिनी बहुतांशी अल्कधर्मी आहेत. पावसाने लवकर पाठ फिरवली, तर मक्यामागून पेरलेल्या हरभऱ्याला धोका वाढतो. इमॅझेथापायरचे वर्तन उलट, ते आम्लधर्मी जमिनीत अधिक टिकते. फेरपालट ठरवताना मागच्या पिकाइतकीच मागच्या तणनाशकाचीही नोंद हवी.

परीक्षण : संशयित माती व तणनाशक न पडलेली माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून काकडी किंवा मोहरी पेरावी आणि दोन-तीन आठवडे उन्हात ठेवावी. ऊन आवश्यकच, ओल्या टीपकागदावरील चार दिवसांच्या चाचणीत ॲट्राझीनचा परिणाम दिसत नाही. ही चाचणी जवळजवळ बिनखर्चाची आहे, तरी पेरणीपूर्वी ती क्वचितच होते.

वाढ : टू-फोर-डी (वापर १९४० च्या दशकापासून) ऑक्सिन या वनस्पती-संप्रेरकासारखे वागते. कापूस, द्राक्ष व टोमॅटो त्याला अतिसंवेदनशील आहेत. कापसाची नवी पाने अरुंद, लांबट व भेंडीच्या पानासारखी खोल चिरलेली येतात. या औषधाचा पंप नीट न धुता कापसावर वापरला, तरी एवढी बाधा होऊ शकते. त्यासाठी वेगळा पंप ठेवणेच योग्य.

ग्लायफोसेट (१९७४ पासून बाजारात) मातीच्या कणांना घट्ट चिकटते, म्हणून जमिनीतून उगवणीला सहसा बाधत नाही. त्याच्या मानवी आरोग्यावरील परिणामांचा वाद प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

उत्तेजन : अत्यल्प मात्रेत काही तणनाशके वाढीला चालना देतात, यास हॉर्मेसिस म्हणतात.

संशोधन : तणविषयक राष्ट्रीय संशोधन केंद्र जबलपूर येथे १९८९ मध्ये स्थापन झाले.