अंगणासाठी देशी वृक्षांची निवड

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांमध्ये गर्दी होते. बहुतेकांची निवड फुलांचा रंग आणि वाढीचा वेग पाहून होते. वीस वर्षांनंतरच्या झाडाचा विचार क्वचितच केला जातो. महाराष्ट्राच्या शहरी भागात मात्र १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या आवारातील वृक्ष तोडण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक असते. त्यामुळे निवड रोप लावण्यापूर्वीच विचारपूर्वक करणे हिताचे.

सर्वत्र दिसणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तर पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला. दोन्ही झपाट्याने वाढतात. पण गुलमोहराची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ असल्याने वादळी पावसात घराजवळ तो धोक्याचा ठरतो. पर्जन्यवृक्षाचा विस्तार तर लहान अंगणात मावणारा नाही.

जागेनुसार वृक्ष

कोरड्या, उन्हाच्या जागी बहावा उत्तम. ऐन वैशाखात तो पिवळ्या घोसांनी लगडतो. त्याच्या पानांवर काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाने कुरतडलेली दिसली तरी औषध फवारण्याची घाई करू नये. ओलावा टिकणाऱ्या जमिनीत ताम्हण लावावा. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला हा वृक्ष निसर्गतः ओढ्याकाठी वाढतो. बारमाही सावली हवी असल्यास बकुळ योग्य. वाढ संथ असली तरी फुले वाळल्यावरही सुगंध देतात.

अर्धवट सावलीच्या, ओलसर कोपऱ्यात सीतेचा अशोक शोभतो. रोप घेताना मात्र खात्री करावी. कुंपणालगत सरळसोट वाढणारा, ‘अशोक’ म्हणूनच ओळखला जाणारा वृक्ष वेगळा आहे. सीतेच्या अशोकाला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात आणि त्याची कोवळी पाने तांबूस व लोंबती असतात.

वड, पिंपळ व उंबर हेही देशीच. पण त्यांची मुळे भिंती व जलवाहिन्यांत शिरतात. त्यांची जागा मोकळे मैदान किंवा गावाची वेस.

लागवड

इमारतीपासून किमान दहा ते पंधरा फूट अंतर ठेवावे. वरून वीजवाहिन्या जात नाहीत ना, हे पाहावे. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात माती आणि कुजलेले शेणखत भरून पहिल्या दमदार पावसानंतर रोप लावावे. पहिले दोन उन्हाळे नियमित पाणी दिल्यास पुढे ही झाडे बहुधा स्वतःच्या बळावर तग धरतात.