तेलाचा थेंब, क्रिएटिनिन आणि एनगॅल : सेप्सिसमधील मूत्रपिंडाच्या इजेच्या चाचण्यांचा इतिहास

अतिदक्षता विभागातील कोणत्याही रुग्णाचा तपासणीचा कागद पाहा. त्यावर 'सिरम क्रिएटिनिन' ही ओळ असतेच. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बिघडतो आणि अवयव निकामी होऊ लागतात, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. त्यात मूत्रपिंडाला इजा झाली आहे का, हे ठरवताना आजही डॉक्टर मुख्यतः याच ओळीवर विसंबतात. पण हा आकडा इजा मोजत नाही. तो काय मोजतो आणि सेप्सिसमध्येच का फसवतो, हे त्याचा इतिहास पाहिला की उलगडते.

सुरुवात कावेरीच्या खोऱ्यातून करू. कुंभकोणम, आणि आज त्या शहराचा भाग असलेले मेलकावेरी, हा सारा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातला. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी आपले लक्ष ग्रंथ व वैद्यक यांकडे वळवले. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचा अभ्यास होत असे. तेथील नेत्ररुग्णांची टिपणे आजही उपलब्ध आहेत. रुग्णागणिक लेखी नोंद ठेवण्याची ही सवय त्या काळी सर्रास आढळत नाही.

या प्रदेशातील सिद्ध वैद्य सकाळच्या पहिल्या लघवीवर तिळाच्या तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो ते पाहत. सापासारखा लांबला तर वात, कड्यासारखा झाला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. आयुर्वेदातही तैलबिंदू परीक्षा आहे; 'योगरत्नाकर' ग्रंथात ती सांगितली आहे. या परीक्षेला मूत्रपिंडाची चाचणी म्हणणे चुकीचे ठरेल, कारण तिच्यातून संपूर्ण शरीराच्या दोषांचा अंदाज घेतला जाई. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की लघवी हा आतली बातमी बाहेर आणणारा पदार्थ आहे ही समज जुनी आहे.

त्याच सुमारास युरोपात लक्ष लघवीकडून रक्ताकडे वळत होते. १८२१ मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा यांनी प्राण्यांची मूत्रपिंडे काढून टाकली आणि रक्तातील युरिया वाढतो हे दाखवले. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज, लघवीत प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध मांडला. १८३२ मध्ये, म्हणजे सरफोजीराजे वारले त्याच वर्षी, फ्रान्समध्ये शेव्रल यांना मांसाच्या अर्कात क्रिएटिन सापडले. त्यापासून बनणाऱ्या क्रिएटिनिनला हे नाव दिले लिबिग यांनी, १८४७ मध्ये. १८८६ मध्ये माक्स याफे यांना दिसले, की क्षारयुक्त द्रावणात पिक्रिक आम्लाबरोबर क्रिएटिनिनचा नारिंगी रंग येतो. ओटो फोलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यावरून मोजमापाची पद्धत बसवली. अनेक प्रयोगशाळांत आजही याफे यांचीच अभिक्रिया चालते.

या कथेत मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव येतात. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर १९२७ मध्ये त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा शोध प्रसिद्ध केला. स्नायूंतील क्रिएटिनचा थोडासा भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, ते रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो : स्नायूंकडून होणारी आवक आणि मूत्रपिंडांकडून होणारी जावक.

आता असे समजा, की एखाद्याची दोन्ही मूत्रपिंडे सकाळी आठला एकदम बंद पडली. नऊ वाजता घेतलेल्या रक्तात क्रिएटिनिन किती असेल? जवळजवळ पूर्वीइतकेच. आकडा वाढायला कित्येक तास, कधी दोन दिवस लागतात. सेप्सिसमध्ये अडचण आणखी वाढते. २००९ मध्ये दोई आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले, की मूत्रपिंडे काढून टाकली असली तरी सेप्सिस झालेल्या उंदरांत क्रिएटिनिन तुलनेने कमी वाढते. आवकच घटलेली असते. त्यात रक्तदाब टिकवण्यासाठी शिरेतून भरपूर सलाइन दिले जाते आणि रक्तातले क्रिएटिनिन पातळ होते. रुग्णाला कावीळ असेल तर बिलिरुबिनमुळे याफे पद्धतीत आकडा खोटा कमी येऊ शकतो.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. भाताच्या खाचरात अनवाणी काम करणाऱ्यांना, मग ते कोकणात असोत की कावेरीच्या खोऱ्यात, याच आजाराचा धोका असतो. त्याच्या गंभीर रूपात कावीळ आणि मूत्रपिंडाची इजा बरोबरच येतात. शिवाय पुष्कळ रुग्णांत लघवीचे प्रमाण फारसे घटत नाही, त्यामुळे तोही इशारा मिळत नाही.

२०१२ च्या 'केडिगो' निकषांत तीव्र इजेच्या तीन कसोट्या आहेत आणि त्यांतली एक पुरेशी असते : ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढणे, सात दिवसांत ते मूळच्या दीडपट होणे, किंवा सहा तास लघवी ताशी दर किलो वजनामागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होणे. ६० किलोच्या माणसासाठी हे सहा तासांत १८० मिलिलिटर होतात. 'मूळच्या' हा शब्द नीट वाचा. ज्याने आजवर रक्त तपासलेलेच नाही, अशा शेतमजुराचा मूळ आकडा कुठून आणणार? सरासरी माणसाचा आकडा गृहीत धरला, तर रोडावलेल्या स्नायूंच्या माणसाची इजा निसटून जाते.

म्हणूनच कार्याऐवजी इजाच सांगणाऱ्या रेणूंचा शोध सुरू झाला. किम-१ हे प्रथिन १९९८ मध्ये वर्णिले गेले. एनगॅल मुळात पांढऱ्या पेशींत सापडलेले. २००५ मध्ये प्रसाद देवराजन यांच्या गटाने हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांत दाखवले, की ते दोन तासांत लघवीत वाढते. क्रिएटिनिनला त्याच मुलांत एक ते तीन दिवस लागले. पण शस्त्रक्रियेत इजेची वेळ माहीत असते, सेप्सिसमध्ये नसते. शिवाय एनगॅल हे जंतूंना लोह मिळू न देणारे संरक्षक प्रथिन आहे. संसर्गात पांढऱ्या पेशी ते सोडतातच, म्हणून मूत्रपिंड शाबूत असतानाही सेप्सिसमध्ये त्याची पातळी चढते. टिंप-२ आणि आयजीएफबीपी-७ यांची जोडचाचणी २०१३ मध्ये पुढे आली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिचा अर्थ असा, की पेशी ताणाखाली आल्या आहेत. त्या मरतीलच असे नाही. एनगॅलला तिथे अतिदक्षता विभागातील मुलांसाठी मान्यता मिळायला २०२३ ची अखेर उजाडली.

या नव्या चाचण्या महाग आहेत आणि तालुक्याच्या रुग्णालयात क्वचितच होतात. तिथे हाताशी असते ते रोजचे क्रिएटिनिन, दिलेल्या सलाइनचा हिशेब आणि दर तासाला लघवीच्या पिशवीवर वाचलेले आकडे. हे तिन्ही एकाच कागदावर वेळेसह लिहिले असतील तर क्रिएटिनिनचा सुटा आकडा जे लपवतो त्यातले बरेच त्या कागदावर दिसते.