लिनक्स आणि बायॉस : प्रोसेसरची दडलेली क्षमता

प्रोसेसर नवा, लिनक्सची आवृत्तीही अद्ययावत. तरीही लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते आणि पंखा सतत फिरत राहतो, असा अनुभव काही वापरकर्त्यांना येतो. यामागे अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी सहसा लक्षात न येणारे एक कारण म्हणजे मदरबोर्डवरील फर्मवेअरने प्रोसेसरच्या क्षमतेची माहिती लिनक्सला दिलेलीच नसणे.

फर्मवेअरची भूमिका

संगणक सुरू होताच प्रथम बायॉस, म्हणजेच नव्या यंत्रांतील यूईएफआय, कामाला लागते. यंत्राची माहिती ते ठरावीक तक्त्यांच्या रूपाने कर्नलच्या हवाली करते. या तक्त्यांचे एसीपीआय हे मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या २०११ मधील पाचव्या आवृत्तीत ‘सीपीपीसी’ ही सोय आली. तिच्यामुळे प्रोसेसरचा वेग मोजक्या पायऱ्यांऐवजी कामाच्या गरजेनुसार बारकाईने कमीजास्त करता येतो.

एएमडी प्रोसेसरसाठी या सोयीवर आधारलेला ‘एएमडी पीस्टेट’ हा ड्रायव्हर २०२२ मध्ये कर्नलच्या ५.१७ आवृत्तीत दाखल झाला. मात्र एसीपीआय तक्त्यात ‘सीपीसी’ ही नोंद नसेल, तर हा ड्रायव्हर माघार घेतो आणि जुना ‘एसीपीआय सीपीयूफ्रीक’ त्याची जागा घेतो. या जुन्या ड्रायव्हरला बहुधा वेगाच्या तीनच पायऱ्या उपलब्ध असतात. यंत्र बंद पडत नाही, म्हणूनच दोष ध्यानात येत नाही.

तपासणी कशी करावी?

प्रथम कोणता ड्रायव्हर कार्यरत आहे ते पाहावे. ‘सिस’ या निर्देशिकेतील प्रोसेसरच्या विभागात ‘स्केलिंग ड्रायव्हर’ नावाच्या फाइलमध्ये त्याचे नाव मिळते. तेथे जुन्या ड्रायव्हरचे नाव असेल, तर ‘डीएमईएसजी’ या आज्ञेने कर्नलची नोंदवही उघडावी. ‘सीपीसी’ ही नोंद बायॉसमध्ये नाही, अशा अर्थाची सूचना तेथे आढळल्यास रोख फर्मवेअरकडे आहे, असे समजावे.

मात्र प्रोसेसरची पिढीही पाहून घ्यावी. ही सोय ‘झेन २’ रचनेपासून पुढे मिळते. ‘रायझन ३०००’ मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर या रचनेचे आहेत. परंतु त्याच मालिकेतील लॅपटॉपचे प्रोसेसर आधीच्या रचनेचे आहेत. केवळ क्रमांकावर विसंबून राहिल्यास फसगत होते. तसेच लिनक्स आभासी यंत्रात चालत असेल, तर ही सूचना येणे स्वाभाविक आहे. तिथे आतून उपाय करून उपयोग नसतो.

उपाय

बायॉसच्या मांडणीत ‘सीपीपीसी’ हा पर्याय शोधून तो सुरू करावा. अनेक डेस्कटॉप मदरबोर्डवर तो ‘एएमडी सीबीएस’ विभागात खोलवर दडलेला असतो. लॅपटॉपमध्ये मात्र असा पर्याय बरेचदा दाखवलेलाच नसतो. अशा वेळी उत्पादकाने नवे फर्मवेअर दिले आहे का, ते पाहावे. फर्मवेअर बदलताना मध्येच वीज गेल्यास यंत्र निकामी होऊ शकते. त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवून तो विजेला जोडावा आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधीच काढून ठेवावी. बदलानंतर बायॉसच्या जुन्या निवडी पुसल्या जाण्याची शक्यता असते, म्हणून त्या पुन्हा तपासाव्यात.

कर्नल ६.३ किंवा त्यानंतरचा असेल, तर सुरुवातीच्या सूचनांमध्ये ‘एएमडी पीस्टेट’ सक्रिय ठेवण्याचा आदेश देता येतो. ६.५ पासून बहुतेक घरगुती यंत्रांवर तो आपोआप लागू होतो. मात्र तक्त्यात नोंदच नसेल, तर या आदेशाचा उपयोग होत नाही. अशा वेळी काही जण तक्ता स्वतः दुरुस्त करून कर्नलला देतात. हा मार्ग जाणकारांचा आहे. चुकीच्या नोंदीमुळे यंत्र सुरूच न होण्याचा धोका त्यात असतो.

उत्पादकाने नवे फर्मवेअर दिलेच नसेल, तर जुन्या ड्रायव्हरवर काम चालवण्यात कोणतीही हानी नाही. त्यासाठी चांगला चालणारा संगणक मोडीत काढण्याचे कारण नाही. नवी खरेदी करताना मात्र प्रोसेसरच्या नावाइतकेच, उत्पादक फर्मवेअरची सुधारणा किती नियमितपणे पुरवतो, हेही पाहावे.