राजाच्या डोक्यावरची दोन भोकं

मागच्या व्याख्यानात आपण ‘पेरिप्लस’मधलं पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, पाहिलं. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांतून भडोचला जातो, असं तो पहिल्या शतकातला लेखक सांगतो. नकाशावर पैठण ते तेर सरळ रेघ ओढा. गोदावरी ओलांडली की ती आपल्या जिल्ह्यात शिरते आणि बीड शहराच्या अगदी जवळून जाते.

आजचं नाणं मात्र त्यानंतरचं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट कॉन्स्टंटाइननं ‘सॉलिडस’ पाडायला सुरुवात केली. एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी, म्हणजे एक नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं, अर्ध्या तोळ्याच्या आतलं. ते २४ बियांच्या भाराचं धरत. सोनाराकडचा ‘२४ कॅरट’ तिथला बरं का! पुढं बायझंटाईन सम्राटांनी हे वजन आणि कस शेकडो वर्षं सांभाळला.

सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा व्यापारी-भिक्षू लिहितो की रोमनांचं सोन्याचं नाणं सगळीकडं चालतं. त्याच्या बंदरांच्या यादीत आपलं कल्याणही आहे. आता ‘चालतं’ म्हणजे काय, खरा प्रश्न इथं आहे.

सातवाहनांनी शिसं, पोटीन, तांबं, चांदी यांची नाणी पाडली, सोन्याचं नाही. बाजारहाट त्यावरच व्हायचा. मग बाहेरून आलेल्या सोन्याचं लोक काय करत होते? उत्तर कर्नाटकात, हानगलजवळ अक्की आळूरला एक साठा सापडला. त्यात दुसऱ्या थिओडोसियसपासून (४०८–४५०) पहिल्या जस्टिनपर्यंतचे (५१८–५२७) सॉलिडस आहेत. आणि दक्षिणेत मिळालेल्या अशा कितीतरी नाण्यांना दोन भोकं आहेत. कुठं? बरोबर राजाच्या डोक्यावर.

एका भोकानं नाणं दोऱ्यात फिरतं. दोन भोकांनी ते फिरत नाही, चेहरा समोर आणि सरळ राहतो. मागच्या बाजूची विजयादेवी आणि तिच्या हातातला क्रॉस अंगाकडं गेला तरी चालेल, चेहरा दिसला पाहिजे! राजाचं नाव घालणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. काही नकला तर इथंच खऱ्या सोन्यात केल्या, अक्षरं नुसत्या रेघोट्या. फसवायचं असतं तर इतकं सोनं कोण घालेल? तेरलाही रोमन नाण्यांच्या धर्तीची भाजलेल्या मातीची पदकं मिळाली आहेत. ज्याला सोनं परवडलं नाही, त्यानं माती घातली, असं मला वाटतं.

म्हणून मी सॉलिडसचे इथले सगळे आकडे निव्वळ व्यापाराच्या वहीत मांडायला तयार नाही. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली ‘पुतळी’ आठवा. मराठी कागदपत्रांत ती व्हेनिसची सोन्याची मोहर. परदेशी नाणं गळ्यात घालायची आपली हौस जुनी आहे.

नांगरताना असं काही लागलं की पहिली धाव सोनाराकडं असते. मुशीत साडेचार ग्रॅम सोनं उरतं, भोकं जातात, आणि कोणी ते कसं घातलं होतं हे सांगणारी एकमेव खूण जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सरकारनं ते घेतलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. सोनार तो पाचवा हिस्सा देत नाही.